वाटीभर पाणी

पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. लातूरच्या आमच्या घराच्या मागल्या पडवीत खिळ्याला एक चौकोनी आरसा टांगलेला आहे. आरशाखालच्या फळीवर पितळी वाटी, वाटीत कोमट पाणी, शेजारी ब्रश, साबणाची गोल वडी, रेझर आणि तुरटीचा खडा. घरातली माणसे अजून झोपलेली असतात. दूर कोठेतरी दूधवाल्याची मोटारसायकल वाजते आणि आम्ही दाढी करावयास बसतो.

गेल्या नाताळच्या सुटीत आमचे चिरंजीव पुण्याहून आले, तेव्हा त्यांनी आमच्यासाठी विजेवर चालणारे यंत्र आणले. पाणी नको, साबण नको, तीन मिनिटांत काम तमाम. मुलाचे प्रेम आम्हास कळले. परंतु दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा वाटी घेऊन बसलेले त्याने पाहिले आणि विचारले, ‘‘बाबा, आता कुठे कॉलेजला जायचंय? आणि जायचं नाही, तर एवढा खटाटोप कशाला?’’ आम्ही ‘‘सवय’’ एवढेच म्हणालो. उत्तर खोटे नव्हते, पण पुरतेही नव्हते. ते पुरते देण्यासाठी हा लेखनप्रपंच.

सवयीचेच आधी सांगतो. लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही चौतीस वर्षे रसायनशास्त्र शिकविले. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने जे प्रकरण पुढे महाराष्ट्रभर गाजले, त्याचे बाहेरून दिसणारे रूप म्हणजे गुणवत्ता यादी. आतून ते म्हणजे पहाटेचे जादा तास, दर आठवड्याची चाचणी आणि रात्री उशिरापर्यंत तपासलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. सातला पहिला तास असे. त्या धावपळीत दिवसभरातली दहाच मिनिटे अशी होती, की ज्यांत कोणाची शंका फेडावयाची नव्हती आणि कोणास गुण द्यावयाचे नव्हते. ती दहा मिनिटे या वाटीची.

दाढीची म्हणून एक शिस्त आहे. आधी चेहरा ओला करावा आणि तो पुसू नये. केसात पाणी मुरावयास दोन-तीन मिनिटे लागतात. पाणी प्यालेला केस फुगतो, मऊ होतो आणि पात्याशी फारसे भांडत नाही. कोरडा केस तारेसारखा अडतो. मग ओला ब्रश वडीवर फिरवून फेस गालावर गोल गोल चढवावा, म्हणजे निजलेले खुंट उभे राहतात. रेझर केसांच्या वाढीच्या दिशेने, हात न दाबता, त्याच्या स्वतःच्या वजनाने खाली येऊ द्यावा. पाते जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचे. जोर केला की ते केस सोडून कातडी धरते. हनुवटीखाली केसांचा रोख बदलतो, तेथे घाई चालत नाही. आणि अखेरीस तुरटी. तिच्या तुरट गुणाने कातडी आकसते आणि बारीकसारीक जखमांचे रक्त साकळून थांबते. वर्गात तुरटी शिकविताना आम्ही हनुवटीवरची ताजी खूण दाखवीत असू. मुले हसत, पण धडा विसरत नसत.

ही शिस्त आम्हास आमच्या बाबांनी शिकविली, आणि ती त्यांना कोणीही शिकविली नव्हती. त्याचे कारण सांगावयाचे, तर नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यात आणि त्या खेड्याच्याही वेशीबाहेर जावे लागेल. आमची वस्ती गावकुसाबाहेरची. गावात न्हावी होता. आमच्या मराठवाड्यात त्यास वारीक म्हणतात. तो बारा बलुतेदारांपैकी एक. शेतकऱ्यांच्या घरोघर जाऊन त्याने दाढ्या कराव्यात, डोकी करावीत, लग्नाकार्यात राबावे आणि सुगीला खळ्यावरून आपले बलुते न्यावे, असा शिरस्ता. आमच्या वस्तीला मात्र त्याचा हात लागत नसे. वस्तीत सगळ्यांत मिळून एक जुना वस्तरा होता. सणावाराच्या आदल्या दिवशी पुरुषमंडळी लिंबाखाली ओळीने बसत आणि एकमेकांच्या दाढ्या करीत. आमच्या आज्याच्या गालावर डाव्या बाजूला एक लांब पांढुरका वण होता. लहानपणी आम्हास वाटे, तो लढाईतला असावा. तो त्या वस्तऱ्याचा होता.

बाबा अठरा-एकोणीस वर्षांचे असतानाची गोष्ट. कोठेतरी मजुरी करून त्यांनी चार पैसे गाठीला बांधले होते. बाजाराच्या दिवशी वारीक वडाखाली बसला होता. बाबा त्याच्यासमोर गेले आणि हातावर पैसे ठेवून त्याला दाखविले. वारीक काही बोलला नाही. त्याने ब्रश धुतला, वस्तरा मिटला, सगळे धोकटीत भरले आणि उठून चालू लागला. बाबांनी ही हकीकत आम्हास आयुष्यात एकदाच सांगितली. सांगताना म्हणाले, ‘‘शिवी दिली असती तर इसरलो असतो. त्यानं धोकटी बांधली.’’

आज या वयात आम्हास त्या वारकाचाही राग येत नाही. त्याचे बलुते शेतकऱ्यांच्या खळ्यावर होते. आमच्या गालाला लागलेला ब्रश त्याने पाटलाच्या गालाला लावला असता, तर वर्षाचे धान्य बंद झाले असते. हात त्याचा होता, पण त्यावर मालकी गावाची होती. हे बांधलेले हात मोकळेही होऊ शकत, याला इतिहासात दाखला आहे. विधवांच्या केशवपनाची चाल चालू असताना १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि या कामाला आपला वस्तरा लावावयाचा नाही, असे त्यांनी ठरविले. परंतु मुंबई मुंबई होती. निजामाच्या राज्यातले आमचे खेडे त्या वाऱ्यापासून फार लांब होते.

१९४८च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. त्यानंतरच्या वर्षी बाबा गाव सोडून नांदेडला आले आणि उस्मानशाही मिलमध्ये लागले. पहिल्या पगारात त्यांनी आईसाठी लुगडे घेतले आणि स्वतःसाठी एक रेझर, ब्रश आणि पात्यांची पुडी. शहरात न्हाव्याची दुकाने होती आणि तेथे प्रत्येकास जात विचारीत असतील असेही नव्हे. पण बाबा त्या पायरीवर चढले नाहीत. तेव्हा नाही आणि पुढे पन्नास-पंचावन्न वर्षे नाही. डोक्याचे केसही ते मिलमधल्या एका सोबत्याकडून कापून घेत.

ज्या अमेरिकन गृहस्थाने हा रेझर प्रचारात आणला, त्या किंग कॅम्प जिलेट यांना या साऱ्याची कल्पना असण्याचे कारण नाही. धार लावण्याची कटकट नसलेले आणि वापरून टाकून देता येणारे पातळ पाते लोकांना विकावे, एवढाच त्यांचा व्यापारी हिशेब. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षात, त्यांचे अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १९०४ साली त्यांना पेटंट मिळाले आणि पुढे जगभर त्याचा प्रसार झाला. वेळ वाचावा, न्हाव्याकडे खेप पडू नये, म्हणून लोकांनी तो घेतला. आमच्या बाबांनी घेतला, तो दुसऱ्याच कारणाने. त्या तीन तुकड्यांच्या यंत्रामुळे त्यांना कोणाच्याही पुढे गाल करण्याची गरज उरली नाही.

मिलचा भोंगा होण्यापूर्वी बाबा कंदिलाच्या उजेडात दाढी करीत. एकही दिवस चुकत नसे. ताप असला तरी नाही. शेजारची माणसे आठवड्यातून दोनदा दाढी करणारी. ‘‘रोज रोज कुणाला दाखवायचंय?’’ असे आई विचारी. बाबा म्हणत, ‘‘मला.’’

आमच्या गल्लीत समोर एक सरदारजी राहत. दशमेश गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली नांदेडला देह ठेवला, त्या सचखंड हुजूर साहिबच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, आमच्यासारखेच मराठी बोलणारे ते कुटुंब. केसाला पाते न लावणे हा त्यांचा धर्म. सकाळी समोरासमोरच्या दोन ओसऱ्यांवर दोन आरसे लागत. एकीकडे बाबा गालावर फेस चढवीत आणि दुसरीकडे सरदारजी केस विंचरून, त्यांचा जुडा बांधून, दाढी नीट बसवून पगडीचे एकेक वेढे घेत. ते थट्टेने म्हणत, ‘‘तुम्ही रोज कापता, आम्ही रोज बांधतो. वेळ सारखाच जातो.’’ त्या दोघांकडे पाहून आमच्या बालमनात एक समजूत घर करून बसली. ती अशी, की केस ठेवण्या-काढण्याला फारसे महत्त्व नाही. रोज सकाळी आपल्या तोंडाकडे नीट पाहण्याला आहे.

सतराव्या वर्षी बाबांनी आमच्या हाती रेझर दिला. पहिला धडा पाण्याचा होता. ‘‘वाटीभर घ्यायचं. त्याच्यात भागलं पायजे.’’ गावी असताना वस्तीला विहिरीवर जाता येत नसे. कोणी वरून ओतील तेव्हा पाणी मिळे. त्यामुळे नळ दारात आल्यावरही ते पाणी मोजूनच घेत. दुसरा धडा हाताचा. ‘‘दाबू नगंस. आपलंच त्वांड हाय.’’

१९९० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे लहानसे आत्मकथन पुस्तकरूपाने आले. त्यात त्यांनी साताऱ्याच्या बालपणीची आठवण सांगितली आहे. गावात न्हावी होते, त्यांना देण्यास घरात पैसे होते, तरी कोणी केसाला हात लावीत नसे. म्हणून थोरल्या बहिणीने ते काम शिकून घेतले होते आणि तीच भावंडांचे केस कापी. एका रविवारी आम्ही नांदेडला जाऊन तेवढा भाग बाबांना मराठीत सांगितला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हंजी त्यांचंबी.’’ आणखी काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरची बस धरण्यासाठी आम्ही उठलो, तेव्हा ते आरशासमोर बसलेले होते आणि नेहमीपेक्षा सावकाश दाढी करीत होते.

पुढे किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या रात्रीचे गणपतीविसर्जन आटोपून गावे नुकती निजली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. महाविद्यालयातील मुलांबरोबर आम्ही मदतीस गेलो. त्या दिवसांत पाऊसही पडत होता. आठ-दहा दिवसांनी एका छावणीत पत्र्याच्या आडोशाला बाहेरगावचा एक नाभिक बसलेला दिसला. दाढ्या वाढलेले, घरचे सगळे गमावलेले म्हातारे ओळीने त्याच्यासमोर येत होते. एक ब्रश, एक वाटी, एक वस्तरा. तो कोणास नाव विचारीत नव्हता, गाव विचारीत नव्हता. दाढी झाली की ओल्या फडक्याने तोंड पुसून पुढच्याला बसवीत होता. आम्ही ते दृश्य डोळ्यांत साठवून नांदेडला नेले आणि बाबांना सांगितले. वाटले होते, त्यांना बरे वाटेल. त्यांनी विचारले, ‘‘त्याच्यासाठी एवढं व्हावं लागलं व्हय?’’

त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

२००८ साली नांदेडात गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. शहरभर रस्त्यांची कामे निघाली होती. त्याच वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवे अंग गेले. आम्ही शनिवारी दुपारच्या बसने निघत असू. अहमदपूर, लोहा करीत दीडशे किलोमीटरच्या आतबाहेरचा तो प्रवास संपवून संध्याकाळी पोहोचावे आणि रविवारी सकाळी बाबांची दाढी करावी, असा परिपाठ पडला. दुसऱ्याच्या तोंडावर रेझर धरणे वेगळे असते. स्वतःची दाढी करताना कातडी ताणली की आपल्याला कळते. येथे कळण्याची जबाबदारी हातावर येते. लहानपणी ज्या गालाला आम्ही गाल लावला, तो आता सैल झाला होता. बाबा डोळे उघडे ठेवून आमच्याकडे पाहत राहत. आम्ही त्यांच्या डोळ्यांकडे पाहू शकत नसू. नजर हनुवटीवर ठेवीत असू.

बारावीच्या परीक्षेचे दिवस आले. सलग दोन आठवडे आमचे जाणे झाले नाही. तिसऱ्या रविवारी पोहोचलो, तो धाकट्या भावाने चौकातल्या दुकानातून एका तरुण कारागिरास बोलावून आणले होते. बाबांना विचारले नव्हते. त्या तरुणाने पिशवी उघडून सामान मांडले तेव्हा बाबांचा चेहरा आम्ही पाहिला आणि आमच्या पोटात गोळा आला. अडखळत्या जिभेने त्यांनी विचारले, ‘‘आमी कोण हाव, ठावं हाय का तुला?’’

त्या मुलाला प्रश्नाचा रोख मुळीच कळला नाही. त्याला वाटले, म्हाताऱ्याचे भान सुटले आहे. ‘‘व्हय बाबा,’’ तो समजावणीच्या सुरात म्हणाला, ‘‘सरांचे वडील. आता मान जरा इकडं टेकवा.’’ आणि त्याने आपला ओला हात बाबांच्या गालावर ठेवला.

बाबांनी डोळे मिटले. दाढी संपेपर्यंत ते उघडले नाहीत. नंतर डावा हात सावकाश उचलून त्यांनी गाल चाचपला आणि आम्हास म्हणाले, ‘‘त्याचे पैसे दे. आदी पैसे दे.’’ तो गेल्यावर पुष्कळ वेळाने एवढेच बोलले, ‘‘हात हलका हाय पोराचा.’’

पुढे वर्षभर तो तरुण एक दिवसाआड येत राहिला. २००९ साली बाबा गेले, तेव्हा अखेरची दाढी आम्ही त्यांच्याच रेझरने केली. वाटी त्या तरुणाने धरली होती. गरम पाणी घ्यावे की गार, असे त्याने विचारले आणि आम्ही कोमट म्हणालो. तो रेझर घेऊन आम्ही लातूरला आलो. तोच आजही आमच्या हाती आहे.

बाबांचा पाण्याचा धडा २०१६ साली उपयोगी पडला. बोलीत ‘बिनपाण्याने हजामत’ ही एक शिक्षा मानतात. त्या उन्हाळ्यात निसर्गाने अवघ्या लातूरची ती केली. मांजरा धरण आटले. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली. तिच्या दहा टाक्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. २०११च्या जनगणनेप्रमाणे शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर; म्हणजे माणशी सव्वा लिटरच्या आसपास. आमच्या वाटीत पाव लिटर मावते. तेव्हा एकूण हिशेब झाला पाच वाट्यांचा. आमच्या ओळखीच्या कितीतरी जणांनी त्या दिवसांत दाढ्या राखल्या आणि आम्हासही कोणी तसे सुचविले. आम्ही टँकरच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवून गाळ खाली बसू देत असू आणि वरचे निवळ पाणी वाटीत घेत असू. त्याच खड्याने मग गाल पुसावयाचा. उरलेले फेसाळ पाणी संडासात जाई, एक थेंबही मोरीत नाही. चालू नळाखाली रेझर धुणाऱ्यांनी मनात धरू नये. परंतु त्या एका दाढीत मिनिटाला पाच-सहा लिटर सहज वाहतात आणि ते पाणी कोणाच्या तरी वाटीतले असते.

आता आम्ही निवृत्त आहोत. डोक्याचे केस आम्ही दुकानात जाऊन कापून घेतो, तेथे खुर्चीत बसतो, गप्पा मारतो. दाढी मात्र घरीच. त्या तरुणाच्या हलक्या हाताने बाबांची एक गाठ सुटली, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले. पण जे त्यांनी पन्नास वर्षे रोज पहाटे केले, त्याला कोणाच्या तरी नकाराचे केवळ उत्तर म्हणणे आम्हास पटत नाही. ते आरशात पाहत आणि स्वतःला नीटनेटके करीत. ते कोणी सांगितले म्हणून नव्हते आणि कोणी नाकारले म्हणून तर नव्हतेच.

चिरंजीवांना हे आम्ही कधी सांगितले नाही. पुण्याच्या त्यांच्या घरी कोणी जात विचारीत नाही, तेव्हा हे ओझे त्यांच्या डोक्यावर कशाला, असे वाटे. वडाखाली बांधलेली ती धोकटी आपल्यापाशीच संपावी, अशी इच्छा होती. अलीकडे वाटते, की न सांगण्यात आपण त्या वारकाची गोष्ट लपविली खरी, पण बाबांचीही लपविली.

नाताळ जवळ आला आहे. मुलगा येईल तेव्हा पहाटे साडेपाचला त्याला उठवावयाचे आम्ही ठरविले आहे. पडवीतल्या आरशासमोर आणखी एक पाट मांडू. वाटी एकच ठेवू. तेवढ्यात दोघांचे भागते.